विषय: हरणाच्या शिकारीला बरी पब्लिक लँड कुठे? डेट्रॉईटपासून गाडीनं जाण्यासारखी

प्रेषक: नोव्हाय

नमस्कार मंडळी,

गणपतीचे हिशोब झालेत, दिवाळीच्या तिकिटांचे मेल अजून सुरू व्हायचेत, तेवढ्यात माझा एक प्रश्न सरकवतो. मंडळाच्या मेलिंग लिस्टवर शिकार करणारे दोन-चार जण आहेत हे पिकनिकला कळलं. बाकीच्यांनी डिलीट करा, राग मानू नका.

मी क्रॉसबो (चाप ओढायचं धनुष्य) वापरतो आणि घराजवळच्या एका रिक्रिएशन एरियात जातो. जागा तशी वाईट नाही पण गर्दी म्हणजे काय सांगू, पहाटे अंधारात पोचलं तरी पार्किंगला आधीच ट्रक लागलेले, आपण गपचूप जाऊन झाडाला टेकून बसावं तर उजाडल्यावर दिसतं की समोरच्याच झाडावर एक भाऊ मचाण बांधून बसलाय आणि आपल्याला हात करतोय, मग माउंटन बाइकवाले, मग कुत्रे फिरवणारे. हरणं दिसतात ती सबडिव्हिजनमध्ये लोकांच्या लॉनवर, जिथे बघत बसण्यापलीकडे काही करता येत नाही.

मला शिंगं नकोत, फ्रीझरमध्ये मटण हवंय, मादीही चालेल. एका बाजूनं तीन तास ड्राइव्ह चालेल पण रविवारी मुलांची मराठी शाळा असते, त्यामुळे मुक्काम नको. कुठे जाऊ?

---

प्रेषक: ट्रॉय

दादा विचार कसला करतोस, सरळ वर ये. आय-७५ धरायचा, मग एम-३३ नं मायो गाव. ह्युरॉन नॅशनल फॉरेस्ट, ऑ सेबल नदी, ह्युरॉन आणि मॅनिस्टी ही दोन फॉरेस्ट मिळून जवळजवळ दहा लाख एकर आहे, कोणी तुझ्यासमोर येऊन बसणार नाही. आमचा ग्रुप दर नोव्हेंबरला जातो, केबिन असते, रात्री शेकोटी, रस्सा, पत्ते. मुक्काम नको म्हणतोस तिथेच तुझं चुकतंय :) बंदुकीच्या सीझनच्या ओपनिंग डेला, १५ नोव्हेंबरला, ये एकदा.

---

प्रेषक: कँटन

नोव्हायकर, ट्रॉयवाल्यांचं ऐकून मायोला अवश्य जा, पत्ते छान होतात. मटणाचं म्हणशील तर दुरून डोंगर साजरे.

आता नीट सांगतो, मेल लांबणार आहे. मिशिगनमध्ये गोची अशी आहे की जिथे जमीन आहे तिथे हरणं विरळ आणि जिथे हरणं आहेत तिथे जमीन लोकांची. वर ग्रेलिंग-मायो भागात सगळी वाळूची माती, मैलोन् मैल जॅक पाइन. कर्टलंड्स वॉर्बलर नावाच्या पिटुकल्या पक्ष्यासाठी ते पाइन मुद्दाम लावतात, तो पक्षी बघायला जून महिन्यात जरूर जा. पण हरणाला त्या रानात खायला काय आहे? वर जायचंच तर नकाशावर पाइन सोडून दे आणि तोड झाल्यावर पुन्हा उगवलेला कोवळ्या अॅस्पनच्या झाडांचं रान शोध, तिथे असतात. त्यात मायो ज्या ऑस्कोडा काउंटीत येतं ती, शिवाय अल्पीना, अल्कोना आणि माँटमोरेन्सी, हा चार काउंट्यांचा भाग हरणांच्या टीबीसाठी प्रसिद्ध. मारलंस तर डोकं डीएनआरकडे (राज्याचं वन्यजीव खातं) तपासायला द्यायचं, आणि साफ करताना छातीच्या पोकळीत बरगड्यांना, फुप्फुसाला पिवळसर गाठी दिसतात का ते बघायचं. ट्रॉयवाल्यांनी हे सांगितलं नाही कारण त्यांच्यावर ती वेळच आलेली नाही.

याउलट आपल्या दक्षिण मिशिगनमध्ये मका, सोयाबीन, मधे मधे ओकचं रान आणि दलदल, हरणांना आयतं ताट वाढलेलं. इथे इतकी झालीयेत की माद्या मारा म्हणून डीएनआर मागे लागलंय, अँटलरलेस, म्हणजे बिनशिंगांच्या हरणाचं, लायसन वीस डॉलरला मिळतं. तेव्हा तीन तास गाडी हाकण्यापेक्षा पाऊण तास हाक आणि उरलेला वेळ पायांना दे.

जागा: वॉटरलू रिक्रिएशन एरिया. आय-९४ नं चेल्सी आलं की जवळच, २०,००० एकरांच्या वर, लागून पिंकनी आहे ते ११,००० एकर. तू म्हणशील तिथेही गर्दी असते, असतेच, पण ती गर्दी कुठे असते ते बघ. बहुतेक लोक पार्किंगपासून पायवाटेनं जेवढं सहज जाता येतं तेवढंच जातात आणि पायवाटेच्या कडेलाच बसतात. वॉटरलूची जमीन हिमनदीनं केलेली आहे, टेकाड, खड्डा, तळं, दलदल असं सगळं कालवलेलं. त्या दलदलीत मधेच उंचवट्याची बेटं असतात, कुठे चार ओक, कुठे नुसती झुडपं, आणि भोवती डोक्याएवढं कॅटटेलचं पाणगवत. हरणं दिवसा तिथे बसतात. मऊ गवत दाबलेलं दिसेल, अंड्याच्या आकाराचं, कडेला लेंड्या, आणि बसलेलं जनावर वाऱ्याला पाठ देऊन समोर उघड्यावर नजर ठेवून असतं, म्हणजे मागून आलात तर वास आणि पुढून आलात तर डोळा, दोन्हीकडून तुमची पंचाईत. त्या बेटावर चढायचं नाही. तिथून संध्याकाळी ती शेजारच्या खासगी मक्याकडे निघतात तो रस्ता शोधायचा आणि वारा आपल्या तोंडावर येईल असं त्यावर बसायचं. वारा फिरला तर मुकाट्यानं उठून घरी यायचं, एकदा वास लागला की ती वाट त्या सीझनपुरती गेली असं समज.

तिथे पोचायला गुडघाभर पाण्यातून जावं लागतं. म्हणून तर कोणी जात नाही!

मी-हंट म्हणून डीएनआरचा फुकटचा नकाशा आहे, त्यात पब्लिक जमीन, जंगलाचा प्रकार, सगळं दिसतं. एरियल फोटो लावून पार्किंगच्या जागा खुणावून घे आणि प्रत्येकीपासून अर्ध्या मैलाच्या आत जे येतं ते मनातून पुसून टाक, जे उरेल त्यात पाणी आणि उंचवटा कुठे एकत्र येतात ते बघ. खरी टेहळणी फेब्रुवारी-मार्चमध्ये करायची असते, बर्फ वितळलं की गेल्या सीझनच्या सगळ्या वाटा, खोडावर शिंगं घासलेल्या खुणा उघड्या पडतात आणि तेव्हा हरणं बिथरली तरी बिघडत नाही. आता जायचंच तर भर दुपारी, पाऊस पडून गेल्यावर, आणि एकदाच.

आणि शनिवारी जाऊ नकोस. बुधवारी हाफ डे टाक.

---

प्रेषक: ट्रॉय

काका टीबीचं पटलं, पत्त्यांचं लागलं :) पण १५ ते ३० नोव्हेंबर बंदुकीच्या सीझनमध्ये वॉटरलूला काय होतं तेही सांगा की. शिकाऱ्यांच्या केशरी जाकिटांची जत्रा.

---

प्रेषक: कँटन

होते ना. त्याचाच फायदा घ्यायचा. ओपनिंग डेला सकाळी साडेदहा-अकराला सगळ्यांना भूक लागते, थंडी वाजते, लोक ट्रककडे चालायला लागतात आणि चालता चालता हरणं उठवतात. आपण डबा घेऊन त्या दलदलीच्या अलीकडे दोनपर्यंत हलायचं नाही. ती सुटायला आपल्याचकडे येतात. आणि तुमचा आय-७५ त्या आदल्या दिवशी म्हणजे गणपतीतला मुंबई-गोवा हायवे असतो, तेही सांगा की.

---

प्रेषक: अॅन आर्बर

सर्वांना नमस्कार. मी शाकाहारी आहे, आणि सांस्कृतिक मंडळाच्या लिस्टवर गुडघाभर पाण्यात कुठे बसून हरीण मारायचं याची चर्चा वाचून सकाळचा चहा गार झाला. तिकडे भारतात १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद झाली म्हणून आपल्याकडे काहीतरी उरलंय, आणि इथे येऊन आपणच बंदुका घ्यायच्या? हरणांनी माझ्या बागेतल्या होस्टाची रोपं दरवर्षी मुळापासून खाल्ल्यात तरी मला हे पटत नाही. असो, प्रत्येकाचं प्रत्येकापाशी. माझा खरा प्रश्न वेगळा आहे, आमचा हायकिंगचा बायकांचा ग्रुप नोव्हेंबरात वॉटरलू-पिंकनी ट्रेलवर जातो. तुम्ही सगळे झाडाझुडपात लपून बसलेले असताना आम्ही जायचं की नाही?

---

प्रेषक: कँटन

ताई, जरूर जा, ट्रेल तुमचीही आहे. रिक्रिएशन एरियांमध्ये साधारण १५ सप्टेंबर ते ३१ मार्च शिकारीला परवानगी असते, त्यातले १५ ते ३० नोव्हेंबर सोडलेत तर उत्तम. त्या दिवसांत गेलातच तर प्रत्येकीनं केशरी जाकीट आणि टोपी, कुत्र्यालाही केशरी पट्टा, आणि पांढरा रुमाल, पांढरे हातमोजे अजिबात नकोत, पांढऱ्या शेपटीचं हरीण आहे हे. पहाटे आणि संध्याकाळी टाळा, भर दुपारी जा, गप्पा मारत जा. गप्पांची सूचना तुमच्या ग्रुपला द्यायला नको म्हणा.

पटण्या-न पटण्याबद्दल मी भांडणार नाही. एवढंच की लांडगे, कूगर आपण इथून कधीच संपवले, त्यामुळे इथे हरणं आवरायला उरतात शिकारी आणि गाड्यांचे बंपर, मिशिगनमध्ये दरवर्षी ५०,००० हून जास्त गाड्या हरणांवर आदळतात. तुमच्याच अॅन आर्बर शहरानं २०१६ पासून काही हिवाळे पगारी नेमबाज लावले होते. आणि बंदुका-गोळ्यांवर १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याचा फेडरल कर लागतो, तो पैसा राज्यांना वन्यजीवांसाठी मिळतो, दक्षिण मिशिगनमधल्या कितीतरी गेम एरिया (शिकारीसाठीच्या सरकारी जमिनी) त्यातून विकत घेतल्यात. वॉर्बलर बघायला याल तर मी गाडी चालवतो.

---

प्रेषक: फार्मिंग्टन हिल्स

मी बरेच दिवस नुसता वाचतोय, पहिल्यांदा लिहितोय. एच-वन वर आहे. ऑफिसमधला एक जण मला बंदुकीच्या सीझनला बरोबर चल म्हणतोय, त्याचीच बंदूक देतो म्हणतो. आम्हाला बंदूक हातात घेता येते का? घरी विचारलं तर आई फोनवर रडायला लागली.

---

प्रेषक: स्टर्लिंग हाइट्स

आईला आधी सांग की आधी कोर्स आहे, मग बंदूक. मी स्वतः वहिनी कॅटेगरीतली शिकारी आहे त्यामुळे घाबरलेल्या सासवा-आयांचा मला भरपूर अनुभव.

कायद्याचं असं आहे. १८ यू.एस.सी. ९२२ नुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्याला बंदूक आणि गोळ्या बाळगायला फेडरल बंदी आहे, आणि बाळगणं म्हणजे विकत घेणंच नव्हे, मित्राची हातात घेतली तरी तेच. त्याला अपवाद आहे, तुझ्याकडे कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन असेल तर ती बंदी लागत नाही. चालू म्हणजे चालू, मुदत संपली की अपवादही संपला. म्हणून आधी लायसन, मग रेंजवर सराव, हा क्रम उलटा करू नकोस, पुढे ग्रीन कार्डाच्या फॉर्मवर असल्या गोष्टी अंगाशी येतात. वकिलाला एक मेल टाकून ठेव.

१ जानेवारी १९६० किंवा नंतर जन्मलेल्यांना हंटर सेफ्टी सर्टिफिकेट लागतं. ते व्हायच्या आत जायचं तर अॅप्रेंटिस म्हणजे शिकाऊ लायसन मिळतं, दोन सीझन वापरता येतं, बरोबर किमान २१ वर्षांचा लायसनवाला हवा. स्वतःची बंदूक पुढे घ्यायची झाली तर फेब्रुवारी २०२४ पासून मिशिगनमध्ये लांब बंदुकीलाही आधी परचेस लायसन लागतं, आणि घरात लहान मुलं असतील तर कुलपात ठेवणं बंधनकारक आहे. किंवा सरळ क्रॉसबो घे, तो फेडरल कायद्यात फायरआर्मच नाही, १ ऑक्टोबरपासून सीझन सुरू, आणि आईला धनुष्यबाण म्हणून सांगता येतं, रामायणातलं वाटतं.

नोव्हायकर, तुमच्यासाठी आणखी एक. काकांनी दलदल सांगितली पण मला गुडघाभर पाणी झेपत नाही. एचएपी बघा, हंटिंग अॅक्सेस प्रोग्रॅम, १९७७ पासून आहे. डीएनआर शेतकऱ्यांना पैसे देतं आणि ते आपली जमीन शिकारीला उघडतात, एका शेतावर एका वेळी किती जण हे ठरलेलं असतं, आधी नोंद करायची. म्हणजे समोरच्या झाडावरचा तुमचा भाऊ तिथे नसतो. मका उभा आहे तोवर हरणं मक्यातच लपतात, कापणी झाल्याच्या पुढच्या आठवड्यात जा, मधल्या झाडोऱ्याच्या पट्ट्याला बसा. शेतकऱ्याला जाताना दिवाळीत चिवड्याचा डबा द्या, पुढच्या वर्षी तो स्वतःहून सांगतो हरणं कुठून येतात ते.

---

प्रेषक: नोव्हाय

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. रात्री मी-हंट उघडून बसलो, बायको म्हणाली घर शोधतोयस का. वॉटरलूच्या उत्तरेच्या बाजूला पार्किंगपासून पाऊण मैलावर एक बेट दिसतंय, पूर्वेला खासगी मका, आणि मधे नकाशावर निळ्या रेघा. वहिनींनी सांगितलेली एचएपीची दोन शेतंही आहेत, एक बुधवारी मोकळं आहे.

दोन शंका. पाऊण मैलावर मादी पडली तर एकट्यानं पाण्यातून बाहेर कशी काढायची? आणि सीडब्ल्यूडीचं, म्हणजे हरणांच्या त्या मेंदूच्या रोगाचं (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) काय, तो भाग त्यात येतो ना?

---

प्रेषक: कँटन

आइस फिशिंगवाले सामान ओढायला वापरतात ती प्लॅस्टिकची स्लेड घे, जेट स्लेड म्हणून मिळते, जनावर तिथेच साफ करून तिच्यात घालायचं, पाण्यावर ती तरंगते त्यामुळे दलदलीतलं ओढणं कोरड्यापेक्षा सोपं जातं. घाम येतो म्हणून जाताना जाकीट बॅगेत, अंगात नाही.

सीडब्ल्यूडी २०१५ मध्ये पहिल्यांदा इंगम काउंटीत रानातल्या हरणात सापडला, मग शेजारी पसरत गेला, जॅक्सनमध्येही आहे. दिसायला धडधाकट हरणातही असू शकतो आणि शिजवून जात नाही, म्हणून डोकं तपासायला द्यायचं आणि रिपोर्ट येईपर्यंत मटण वेगळं नाव घालून फ्रीझरमध्ये. पाठीचा कणा आणि मेंदू कापायचा नाही, मांस हाडापासून सोडवून घ्यायचं. पॉझिटिव्ह आलं तर खायचं नाही, विषय संपला. आणि मारल्यावर ७२ तासांत ऑनलाइन रिपोर्ट करायला विसरू नकोस, हल्ली ते सक्तीचं आहे.

मचाण ठेवून येणार असशील तर १ सप्टेंबरपासून चालतं, त्यावर नाव-पत्ता किंवा ड्रायव्हिंग लायसनचा नंबर हवा, झाडात स्क्रू मारायचे नाहीत. आणि ठेवलं म्हणून जागा आपली होत नाही, कोणी आधी येऊन बसला तर नमस्कार करून पुढे जायचं.

पाऊस मंगळवारी आहे. बुधवारी दुपारी दीडला चेल्सीच्या एक्झिटला गॅस स्टेशनवर भेट, मी ते बेट लांबून दाखवतो. फार्मिंग्टन हिल्स, तूही ये, नुसतं चालायला लायसन लागत नाही. गमबूट गुडघ्याच्या वरचे आणा, आणि ट्रॉयवाल्यांना यायचं असेल तर पत्ते घरी ठेवा.