केंद्र बंद होणार म्हणतात. तुमच्या घरी काय झालं, लिहा

माझा मुलगा 31 वर्षांचा आहे. विशेष शाळा 18 व्या वर्षी संपली, मग तीन वर्षं घरी बसला आणि गेली 10 वर्षं रोज सकाळी केंद्रात जातो. बौद्धिक अक्षमता असलेल्या मोठ्या मुलांचं दिवसभराचं केंद्र. (मोठी मुलं म्हणजे 20 ते 55 वर्षांची माणसं. आम्ही पालक त्यांना मुलंच म्हणतो, ही सवय काही सुटत नाही.) गेल्या आठवड्यात त्याच्या पिशवीत चिठ्ठी आली की केंद्र पुढे चालवायचं की नाही यावर विचार सुरू आहे. कारण एका ओळीत: काम करायला माणसं मिळत नाहीत आणि खर्च झेपत नाही.

ती मधली तीन वर्षं मला पुन्हा नको आहेत. दुपारी 12 ला उठायचा, रात्री दोनपर्यंत घरभर फिरायचा. शाळेत शिकलेलं शर्टाची बटणं लावणं पार विसरला. ते परत यायला केंद्रात आठ महिने लागले. ताई बाकीची बटणं स्वतः लावायच्या आणि फक्त शेवटचं त्याच्याकडून लावून घ्यायच्या. ते जमलं की शेवटची दोन, मग तीन. शेवट त्याच्या हातून झाला की त्याला वाटायचं, शर्ट मीच घातला. आता चुकलं तर स्वतःच सगळी सोडतो आणि पुन्हा पहिल्यापासून लावतो.

तुमच्याकडे असं झालं असेल तर लिहा. केंद्र बंद झालं, वाचलं, दुसरीकडे हललं, काहीही. तिथे काम केलेल्यांनीही लिहा.

*

ताई, आमचं बंद झालं. चार वर्षं झाली. माझ्या मुलीला स्वमग्नता आहे, ती बोलत नाही. आमची मोठी चूक आधी सांगतो, कारण ती तुम्ही करू नये. तिला त्रास नको म्हणून आम्ही तिला काही सांगितलंच नाही. शेवटच्या दिवशी नेहमीसारखं घेऊन आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ती बूट घालून, पिशवी मांडीवर घेऊन दाराशी बसली. तिसऱ्या दिवशीही. तब्बल पाच आठवडे. मग स्वतःचा हात चावायला लागली. सगळे म्हणाले, हट्ट आहे, औषध वाढवा. औषध वाढलंही. पण ती चावायची ते सकाळी आठ ते नऊ याच वेळात, हे माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला. ती विचारत होती, गाडी कुठे आहे?

शेवटी केंद्रातल्याच एका ताईंनी घरी येऊन तिच्या चित्रांच्या वेळापत्रकात बदल केला. केंद्राच्या फोटोवर तिच्याच हातून फुली मारून घेतली, शेजारी घराचा फोटो लावला. ती खूप रडली. पण दुसऱ्या दिवशी बूट घातले नाहीत. नव्या ठिकाणी पाठवताना आम्ही शहाणे झालो होतो. आधी नुसता फोटो, मग बाहेरून चक्कर, मग तिथल्या खुंटीवर पिशवी अडकवून परत, मग एक तास. दीड महिना लागला.

*

मी बहीण. दादा 47 चा, डाऊन सिंड्रोम. अमेरिकेत 1983 च्या सुमारास डाऊन सिंड्रोम असलेल्यांचं सरासरी आयुष्य 25 वर्षं होतं, आज ते 60 च्या आसपास आहे. या गोष्टीचा आनंद आहेच. पण वाढलेली ही वर्षं त्यांनी काढायची कुठे, याची तयारी कुणी केली?

दोन वर्षांपूर्वी केंद्रातल्या सरांनी बोलावून घेतलं. म्हणाले, दादा टॉवेलची घडी अर्ध्यात सोडून उभा राहतोय, जिना उतरताना थबकतोय. घरी आम्हाला जाणवलंही नव्हतं, कारण घरी त्याची सगळी कामं आईच करते. डाऊन सिंड्रोममध्ये 21 व्या गुणसूत्राची तिसरी प्रत असते आणि अल्झायमरशी संबंधित एका प्रथिनाचं जनुक त्याच गुणसूत्रावर आहे. त्यामुळे त्यांच्यात विस्मरण फार लवकर सुरू होऊ शकतं. पण सर म्हणाले, घाबरून तिथेच पोचू नका, आधी थायरॉइड, कान आणि डोळे तपासा. दादाचं थायरॉइडच निघालं. गोळी सुरू झाल्यावर घड्या पूर्ण व्हायला लागल्या. दहा वर्षं रोज त्याच्या हातांकडे बघणारं माणूस होतं म्हणून हे कळलं. केंद्र गेलं की ती नजरही जाते.

*

14 वर्षं अशा केंद्रात काम करते. थोडं वेगळं लिहिते, राग मानू नका.

केंद्रं बंद करण्यामागे एक प्रामाणिक विचारही असतो. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या दिव्यांग हक्क करारात 19 वं कलम आहे: समाजात, इतरांसारखं, आपल्या निवडीने जगण्याचा हक्क. 40 जणांना एका इमारतीत वर्षानुवर्षं पाकिटं चिकटवायला बसवणं म्हणजे ते जगणं नव्हे, हे मला पटतं. आमच्याकडेही अशी वर्षं गेली आहेत. पण स्वीडनच्या बेंग्त निर्ये यांनी 1969 मध्ये सामान्यीकरणाचं तत्त्व मांडलं, म्हणजे या माणसांचं जगणंही इतरांसारखंच असावं, त्यात दिवसाची, आठवड्याची, वर्षाची लय आहे. राहायची जागा एक, कामाची दुसरी, सुट्टी तिसरीकडे. केंद्र काढून घेतलं आणि त्या जागी नोकरी, सोबतीला माणूस, येण्याजाण्याची सोय काहीच दिलं नाही, तर उरतं फक्त घर. त्याला समाजात सामावणं म्हणू नये.

आणि एक कामाचं. आम्हाला तुमच्या मुलांबद्दल जे माहीत असतं, ते बहुतेक कागदावर नसतं. फिट येण्याआधी कोण कान ओढतं, कोणाला घास बारीक करून दिला नाही तर ठसका लागतो, कोण दुखत असताना हसतं. केंद्र सुरू आहे तोवर ताईंजवळ बसून एक पान लिहून घ्या. इस्पितळात, नव्या केंद्रात, सगळीकडे उपयोगी पडेल.

*

माझं वय 68, मुलाचं 42. त्याचं वजन माझ्या दीडपट आहे. तो केंद्रात असतो त्या सहा तासांत मी पाठ टेकते, बँकेत जाते, माझ्या डॉक्टरांकडे जाते. ते सहा तास गेले तर त्याला उचलणारं माझं अंगही जाईल. आमच्यानंतर काय, हा प्रश्न तर आहेच, पण सध्या माझ्यापुढे सोमवारचा प्रश्न आहे.

*

(भाऊ सांगतोय, मी टाइप करते आहे. शब्द त्याचे.)

मी सोमवार ते शुक्रवार जातो. मी हजेरी घेतो. सगळ्यांची नावं मला पाठ आहेत. माझा मित्र खुर्चीवर असतो, चाकाच्या. मी ढकलतो. हळू ढकलतो. बंद झालं तर तो कुठे जाणार? त्याच्याकडे फोन नाही. मला कुणी विचारलं नाही. आईला विचारलं. मी पण येतो ना तिथे.

*

पुन्हा मी, धागा काढणारी. सगळं दोनदा वाचलं. भावाचं वाचून काल रात्री मी आमच्या चिठ्ठीकडे बघितलं, तर खरंच, ती फक्त पालकांच्या नावे आहे.

शुक्रवारी पालकसभा आहे. आम्ही सात घरांनी ठरवलंय की मुलांना घरी ठेवून जायचं नाही. आज संध्याकाळी मी आणि मुलाने मिळून कार्डं केली: केंद्राचा फोटो, ताईंचा फोटो, त्याच्या दोन मित्रांचे फोटो, एक हसरा चेहरा, एक रडका. कोणाबरोबर राहायचंय विचारलं, तर त्याने दोन्ही मित्रांची कार्डं उचलली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. ती अजून तिथेच आहेत, झोपतानाही काढू देत नाहीये. सभेत पहिली मागणी तीच मांडणार आहे. जायचंच असेल तर तिघांना एकत्र जाऊ द्या, आणि आधी नवी जागा दाखवा, मग जुनी बंद करा.

वरच्या ताई, त्या एका पानात आणखी काय काय लिहून घ्यायचं ते सांगाल का? गुरुवारपर्यंत कळलं तर बरं.