'फामिल्येबूक'ला मराठीत काय म्हणाल?

एका स्वीडिश कोशावर लेख लिहितेय आणि पहिल्याच ओळीत गाडी अडली. कोशाचं नाव 'नूर्डिस्क फामिल्येबूक'. पहिली आवृत्ती १८७६ ते १८९९, वीस खंड, त्यातले शेवटचे दोन पुरवणीचे. नूर्डिस्क म्हणजे उत्तरेकडच्या देशांचा, फामिल्ये म्हणजे कुटुंब, बूक म्हणजे पुस्तक. 'कौटुंबिक ग्रंथ' लिहिलं तर कुणाचा तरी कुलवृत्तांत वाटतो. उपशीर्षकात परत 'संभाषण-कोश' असं काहीतरी आहे. काय करू?

प्रतिसाद १
कुटुंब इथे वाचणाऱ्याचं आहे, विषयाचं नाही. घरात सगळ्यांच्या हाताशी असावा असा ग्रंथ, एवढाच अर्थ. पण 'घरगुती कोश' नको हं, घरगुती म्हटलं की आपल्याला मसाले आणि खोकल्यावरचे उपाय आठवतात.

'संभाषण-कोश' तर अजिबात नको. परदेशी फिरायला जाताना नेतात तसलं 'हॉटेल कुठे आहे?' छापाचं पुस्तक वाटेल. हा शब्द जर्मनांकडून आलाय. ब्रॉकहाउस या जर्मन प्रकाशकाच्या कोशाला तेच नाव होतं. चारचौघांत गप्पा चालू असताना एखादं नाव निघालं तर माणूस अडू नये, म्हणून तो कोश. सरळ 'ज्ञानकोश' म्हणा. केतकरांनी रुळवलेला शब्द आहे.

प्रतिसाद २
खरा सापळा उपशीर्षकात पुढे आहे. तिथे म्हटलंय, की या कोशात 'मेर्कव्हेर्दिग' नावं, वस्तू आणि कल्पना यांची माहिती व स्पष्टीकरण मिळेल. शब्दाची फोड केली तर 'दखल घेण्याच्या लायकीचा'. १८७६ साली तोच अर्थ घ्यायचा. आज मात्र स्वीडिश माणूस हा शब्द बऱ्याचदा 'अजब' या अर्थाने वापरतो, आणि कुणी स्वतःला मेर्कव्हेर्दिग करत असेल तर तो शिष्टपणा करतोय असं समजायचं. आजचा शब्दकोश उघडून भाषांतर केलंत तर 'चमत्कारिक वस्तूंचा कोश' होऊन बसेल.

आपल्या 'चमत्कारिक'चं तरी दुसरं काय झालं? चमत्कार म्हटला की हात जोडायचे, आणि 'माणूस जरा चमत्कारिक आहे' म्हटलं की त्याच्यापासून चार हात लांब राहायचं. 'विचित्र'ही संस्कृतात रंगीबेरंगी, नाना प्रकारचा होता. तेव्हा इथे 'उल्लेखनीय' घ्या.

प्रतिसाद ३
दुसऱ्या आवृत्तीचं काय करणार? १९०४ ते १९२६, अडतीस खंड. तिला सगळे 'उग्लेउप्लागान' म्हणतात, म्हणजे घुबड-आवृत्ती, कारण खंडाच्या पाठीवर घुबडाचं चित्र आहे. पहिलीवर तिकडच्या पुराणातली ईदुन देवी होती, जिची सफरचंदं खाऊन देव तरुण राहतात, म्हणून ती ईदुन-आवृत्ती. बोलताना तर नुसतं 'उग्लान', ते घुबड. आपण 'मोल्सवर्थ काढून बघ' म्हणतो तसं. आपण माणसाचं नाव घेतो, ते पक्ष्याचं. त्यांच्याकडे घुबड ज्ञानाचं, ग्रीकांच्या अथेने देवीपासून. आपल्याकडे आजी म्हणायची, 'काय घुबडासारखा बसलायस!'

आणि कृपा करून 'ए टू झेड सर्व विषय' लिहू नका. स्वीडिश वर्णमाला झेडवर थांबत नाही. त्यापुढे तीन अक्षरं आहेत, ऑ, ए आणि ओ, आणि या ओच्या डोक्यावर दोन टिंबं. 'सुरुवातीपासून शेवटपर्यंत'ला ते 'आपासून ओपर्यंत' म्हणतात. आपलं 'अ ते ज्ञ' इथे चपखल बसतं.

मूळ प्रश्नकर्ती
सगळ्यांचे आभार. 'घुबड-आवृत्ती' ठेवतेय, एका ओळीत खुलासा देऊन. आजीचं वाक्य पण घेऊ का?

पहिलं वाक्य आता असं झालंय: "'नूर्डिस्क फामिल्येबूक', म्हणजे उत्तरेकडच्या घराघरांत असावा असा ज्ञानकोश, १८७६ पासून स्टॉकहोममध्ये निघू लागला, उल्लेखनीय नावे, वस्तू आणि कल्पना यांची माहिती त्यात अ ते ज्ञ मिळेल, असे त्याचे म्हणणे होते."

प्रतिसाद २
'अ ते ज्ञ' तुम्ही मूळ उपशीर्षकाच्या तोंडी घातलंत. तिथे ते नाही. काढा.