शब्दचर्चा : अर्क, काढा, सत्त्व की निष्कर्ष?

पानफूल :
हिरड्यातल्या फिनॉलिक आम्लांवरची एक पुस्तिका मराठीत आणते आहे. बी काढलेल्या हिरड्याची भरड ७०% इथेनॉलमध्ये भिजवली, गाळली, आटवली आणि मग मोजमाप केलं, असा मजकूर आहे. ‘एक्स्ट्रॅक्ट’साठी सरसकट ‘अर्क’ वापरलं तर चालेल का? ‘काढा’, ‘सत्त्व’, ‘निष्कर्ष’ हेही शब्द जुन्या मसुद्यात आलटून पालटून आलेत.

रसशाळा :
सरसकट नको. आयुर्वेदाच्या औषधनिर्मितीत अर्क म्हणजे अर्कयंत्रातून वाफेवाटे पलीकडे आलेलं पाणी : ओव्याचा अर्क, बडीशेपेचा अर्क. वाफेबरोबर उडतं तेवढंच त्यात उतरतं. गॅलिक आम्ल, म्हणजे हिरड्यातलं एक फिनॉलिक आम्ल, तसं उडत नाही. फार तापवलं तर कार्बन डायऑक्साइड सोडून त्याचं पायरोगॅलॉल होतं. म्हणजे या अर्थाने हिरड्याचा अर्क काढला, तर तुमच्या पुस्तिकेचा विषयच भांड्यात मागे राहील.

‘काढा’ही इथे लागू नाही, कारण तो पाण्याचाच. १ भाग भरड, १६ भाग पाणी, आटवून आठवा हिस्सा उरवायचा. फांट म्हणजे चौपट कढत पाण्यात टाकून गाळलेला, हिम म्हणजे सहापट गार पाण्यात रात्रभर भिजवलेला. यांच्यात फरक फक्त कडकपणाचा नसतो. उकळताना हिरड्यातली टॅनिनं (तुरट घटक) काही प्रमाणात फुटतात आणि गॅलिक आम्ल मोकळं होतं, त्यामुळे काढा आणि हिम यांची घडणच वेगळी. शिवाय गॅलिक आम्ल उकळत्या पाण्यात भरपूर विरघळतं, पण गार पाण्याच्या १०० मि.ली.मध्ये जेमतेम १ ग्रॅमभर. टॅनिनांचंही थोडंफार तसंच. दाट काढा निवल्यावर गढूळ होतो तो यामुळे. गार झाल्यावर गाळला तर हवं ते फडक्यावरच राहतं.

चोखंदळ :
अर्काबद्दल थोडा विरोध नोंदवतो. शेतकरी ५% निंबोळी अर्क करतात, त्यात वाफेचा संबंधच नाही. ५ किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात, सकाळी फडक्यातून गाळून १०० लिटर करायची. दशपर्णी अर्क तर महिनाभर कुजवत ठेवतात. हा वापर रूढ आहे, चूक म्हणता येणार नाही. उलट ‘निष्कर्ष’ घेतलात तर ‘निष्कर्षात गॅलिक आम्ल आढळले’ हे वाक्य वाचणारा तात्पर्य समजेल.

प्रयोगवही :
दोघांचंही पटतं. म्हणून क्रियेला ‘निष्कर्षण’ ठेवा, हाती येणाऱ्या पदार्थाला ‘इथेनॉली अर्क’. विद्रावक (ज्यात भिजवलं तो द्रव) शब्दातच आला की वाफेच्या अर्काशी गल्लत होत नाही. पहिल्या उल्लेखाला प्रमाणही द्या.

प्रयोगशाळेत रूढ पद्धत साधारण अशी : ४० अंशांखाली वाळवलेली भरड १० ग्रॅम, ७०% इथेनॉल १०० मि.ली., अंधारात २४ तास, अधूनमधून हलवत. गाळून चोथ्यावर पुन्हा ५० मि.ली. ताजं विद्रावक. दोन्ही वेळचं गाळलेलं द्रावण एकत्र करून कमी दाबाखाली, ४० ते ४५ अंशांवर आटवायचं. पीठ फार बारीक केलं तर गाळणकागद तुंबतो. निर्जल इथेनॉल जास्त ‘शुद्ध’ म्हणून घेतात, पण कोरड्या पेशी फुगायला पाणी लागतं, त्याने कमीच उतरतं. नुसत्या पाण्यात साखरा आणि डिंक येतात, बुरशीही लवकर धरते. आणि लोखंडी खलबत्ता टाळा. हिरडा आणि हिराकस (लोहाचं सल्फेट) यांची काळी शाई होते तीच क्रिया इथे घडते आणि मोजमाप बिघडतं.

पुस्तिकेत भाताच्या कोंड्याचा भाग असेल तर तिथे मात्र ‘निष्कर्षण’ एकटं पुरत नाही. फेरुलिक आम्ल कोंड्याच्या पेशीभित्तिकेला एस्टर बंधाने जखडलेलं असतं. इथेनॉल फक्त मोकळं तेवढं धुऊन आणतं. आधी ‘जलापघटन’, म्हणजे तो बंध तोडणं : २ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, ४ तास, नायट्रोजनखाली. मग हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच २ वर आणून इथाइल ॲसिटेटने तीनदा. आम्लधर्मी करायचं राहिलं तर आम्ल क्षाराच्या रूपात पाण्यातच बसतं, इथाइल ॲसिटेटच्या वरच्या थरात काही येत नाही. हवा लागली तर द्रावण तपकिरी पडतं, कॅफिक आम्ल तर पहिलं जातं. ‘मुक्त’ आणि ‘बद्ध’ हे दोन शब्द मसुद्यात काटेकोर पाळा.

नावांबद्दलही एक. क्लोरोजेनिक आम्लाला कुणी ‘क्लोरीनयुक्त’ करतं. त्यात क्लोरीनचा अणूच नाही. अल्कलीत हवेने हिरवा रंग येतो, त्यावरून ते नाव. फेरुलिक हे फेरुला म्हणजे हिंगाच्या प्रजातीवरून. १८६६ मध्ये ते हिंगवर्गीय राळेतूनच वेगळं केलं गेलं. लोहाशी त्या नावाचा संबंध नाही.

पानफूल :
आणि ‘सत्त्व’? शिवाय ‘बायोलॉजिकल ॲक्टिव्हिटी’ला ‘औषधी गुण’ लिहिलं आहे.

रसशाळा :
सत्त्व अजिबात नको. गुळवेल सत्त्व म्हणजे खोड पाण्यात कुस्करून तळाशी बसवलेला स्टार्च. पाण्यात विरघळणारी फिनॉलिक आम्लं तर वरचं पाणी ओतून देताना जातात. आटवून कोरड्या केलेल्या काढ्याला ‘घन’ म्हणतात, तो शब्द हवा तर घ्या.

‘औषधी गुण’ हा माणसावरचा दावा झाला. ‘जैविक सक्रियता’ लिहा, तेही जिवाणू किंवा पेशींवरच्या चाचणीला. डीपीपीएच चाचणीत त्या नावाच्या मुक्तकण रसायनाचा जांभळा रंग ५१७ नॅनोमीटरवर किती फिका पडतो एवढंच पाहतात. सजीव काहीच नसतं, म्हणून ‘मुक्तकण शमन क्षमता’ पुरे. त्यातला आयसी-५० आकडा, म्हणजे निम्मे मुक्तकण शमवायला लागणारं अर्काचं प्रमाण, जितका लहान तितका अर्क जोरकस. भाषांतरात हे उलटं झालेलं पाहिलं आहे.

प्रयोगवही :
मसुद्यात ‘१ ग्रॅममध्ये इतकं गॅलिक आम्ल’ असं असेल तर मूळ तपासा. फोलिन-सिओकाल्टू पद्धत असेल, म्हणजे एकूण फिनॉलिक घटक निळ्या रंगावरून ७६५ नॅनोमीटरवर मोजणारी, तर तो आकडा ‘गॅलिक आम्ल समतुल्य’ असतो. क जीवनसत्त्वही तोच निळा रंग देतं, त्यामुळे आवळ्याचा आकडा फुगतो. प्रत्यक्ष गॅलिक आम्ल एचपीएलसीने, म्हणजे घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राने, मोजावं लागतं.

पानफूल :
मूळ फोलिनचंच आहे. मग वाक्य असं करते : ‘हिरड्याच्या सालीच्या इथेनॉली अर्कात (७०%, १:१०) एकूण फिनॉलिक घटक गॅलिक आम्ल समतुल्यात मोजले.’

चोखंदळ :
छान. फक्त ‘हिरड्याची साल’ म्हटलं की झाडाची साल वाटेल. ‘बी काढलेल्या हिरड्याच्या’ करा.