वाघनखं उसनी का आणायची?

कंदीपेढा
जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखं साताऱ्याला आली, तेव्हा आईला घेऊन गेलो होतो. पोलादी पट्टी, तिला चार नखं, दोन टोकांना बोटांत घालायच्या दोन अंगठ्या. आई म्हणाली, "एवढीशीच?" बाहेर आल्यावर तिने विचारलं, "आता इथेच राहणार ना?" मी गप्प बसलो. तीन वर्षांच्या बोलीवर आलीत. आपल्याच घरातली वस्तू शेजाऱ्याकडून उसनी आणायची आणि वर बॅनर लावायचे! राष्ट्रीय संग्रहालयाचं काम नेमकं काय, दुसऱ्याची वस्तू सांभाळणं की अडकवून ठेवणं?

खडूस
आधी 'आपल्याच घरातली' हे सिद्ध करा. सोबतच्या पेटीवर लिहिलंय की शिवाजीने मोगल सरदाराला मारलं ते हे वाघनख, आणि पेशव्यांच्या प्रधानाने ते साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे इंग्रज कंपनीचा प्रतिनिधी, ग्रँट डफला दिलं. अफजलखान विजापूरचा, मोगलांचा नव्हे! पेटीवर एवढी ढोबळ चूक, तर बाकीच्या मजकुरावर किती विसंबायचं? तिथलं संग्रहालय स्वतःच सांगतं की ही तीच वाघनखं असल्याचा पुरावा नाही. कोल्हापूरचे इतिहास संशोधक इंद्रजित सावंत यांनी हेच जाहीरपणे मांडलं, तर लोक त्यांच्याच अंगावर गेले. संग्रहालयाचं काम हेच, भाविकांना न आवडणारी पाटीसुद्धा लावणं.

कंदीपेढा
मान्य, पुरावा नाही. पण डफकडे वस्तू गेली ती साधारण १८१८ नंतर, पेशवाई बुडाल्यावर. अशा वेळी 'दिली' या शब्दाला काय अर्थ? नातवाने संग्रहालयाला भेट दिली म्हणे. आजोबांना मिळालेलं नातवाने दान करायचं, आणि आपण दर्शनाला रांग लावायची.

ठाणेकरीण_लंडनात
परत द्यायला त्यांना कायदा आडवा येतो. ब्रिटनच्या १९८३ च्या कायद्याने संग्रहालयाच्या विश्वस्तांना संग्रहातली वस्तू मनात आलं म्हणून देता येत नाही. तशीच दुसरी वस्तू संग्रहात असेल किंवा संग्रहात ठेवण्याजोगी उरली नसेल, अशी मोजकीच कारणं चालतात. हा कायदा अन्यायाचा असेलही, पण त्याच्यामुळेच उद्या कुणी मंत्री वस्तू विकून मोकळा होऊ शकत नाही. आणि तिथे प्रवेश फुकट आहे. २०२५ मध्ये पूर्व लंडनमध्ये त्यांनी चक्क कोठारच लोकांना उघडं केलं. आधी नोंदणी करा, पाच वस्तूंपर्यंत मागवा, त्या टेबलावर आणून दाखवतात. संशोधकच हवा असं नाही, कुणीही चालतं.

खडूस
आणि आपल्याकडे? एका जिल्ह्याच्या सरकारी संग्रहालयात गेलो होतो. कपाटात सहा तलवारी, पाटी एकच: 'तलवारी, लोखंडी.' कुठल्या, कुणाच्या, कधीच्या? रखवालदार म्हणाला, साहेब आले की विचारा. साहेब रजेवर!

वऱ्हाडीठेचा
म्हणजे पाटी नीट लिहिता येत नाही म्हणून वस्तूवर हक्क नाही? अजब न्याय आहे गड्या. घर गळतं म्हणून सातबारा शेजाऱ्याच्या नावावर करता का? आमच्या नागपूरच्या रघूजी भोसल्यांची तलवार २०२५ मध्ये लंडनला लिलावात निघाली. युरोपी पातं, त्यावर सोन्याने देवनागरीत नाव. राज्य सरकारने ४७.१५ लाख मोजून आणली. आपलीच तलवार, आपलेच पैसे!

ठाणेकरीण_लंडनात
ती लिलावात निघाली, कारण सार्वजनिक संग्रहात नव्हती. असती तर विक्रीला आलीच नसती.

वऱ्हाडीठेचा
आणि महाराष्ट्रात परतलीही नसती! विकायला निघाली म्हणून तर हाती लागली.

कंदीपेढा
हे मात्र खरं. खडूस, तुमच्या त्या सहा तलवारींची पाटीही मान्य, त्यावर मी तुमच्या बाजूने. माहितीच्या अधिकारात त्यांची नोंदवही मागवू, अर्ज मी लिहितो, जिल्हा तेवढा कळवा. वाघनखांवरचा दावा मात्र सोडलेला नाही. आईला अजून सांगितलेलं नाही की वाघनखं परत जाणार म्हणून.