मदत हवी आहे: सॉफ्ट कोरल वाढलं म्हणजे रीफ सावरली ना? (सोमवारी रिपोर्ट द्यायचाय)

शाहूपुरी_स्नेहा
शुक्रवार, रात्री ११:४०

नमस्कार. एमएस्सी झूलॉजी, शेवटचं सेमिस्टर. प्रोजेक्ट रिपोर्ट सोमवारी सकाळी द्यायचाय आणि गाइड सरांनी आज संध्याकाळी तो परत केला. निष्कर्षाखाली लाल पेनानं एकच शब्द लिहिलाय, "कशावरून?"

माझं म्हणणं सरळ आहे. रीफच्या (प्रवाळखडकाच्या) आधीच्या फोटोंत हार्ड कोरल (दगडी सांगाड्याचं प्रवाळ) जास्त आणि सॉफ्ट कोरल (मऊ अंगाचं) थोडं. आत्ताच्या फोटोंत हार्ड कमी झालंय, पण सॉफ्ट भरपूर वाढलंय. दोन्ही मिळून जिवंत कोरल जवळपास पूर्वीइतकंच भरतं. म्हणजे रीफ सावरली. मी तेच लिहिलं. यात चुकलं काय? माहीत असेल त्यांनी कृपया लगेच सांगा. "सरांना विचार" असं सांगू नका, ते गावाला गेलेत आणि तिथं रेंज नाही.

राजारामपुरी_रीफटँक
शनिवार, सकाळी ७:०५

ताई, घाबरू नका. माझ्याकडं सहा वर्षं खाऱ्या पाण्याचा टँक आहे. सॉफ्ट वाढतंय आणि शेजारचं हार्ड मरतंय, हे मी स्वतः बघितलंय. माझं सार्कोफायटन (छत्रीसारखं दिसतं ते) मोठं झालं तसं बाजूचं अ‍ॅक्रोपोरा (फांद्या असलेलं हार्ड कोरल) एका अंगानं पांढरं पडत गेलं. सॉफ्ट कोरल पाण्यात टर्पीन गटातली रसायनं सोडतं, त्यानं शेजारी खंगतात. अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन टाका आणि वेळच्या वेळी बदला. नळाचं पाणी थेट वापरत असाल तर आधी बंद करा, त्यात क्लोरीन असतं. टँक किती लिटरचा आहे? मीठ कुठलं वापरता?

आणि एक, छत्री मिटून मेणचट दिसायला लागली तर मेली समजून काढू नका. मी पहिली तशीच टाकून दिली, अजून वाईट वाटतं. ती काही दिवस मिटून राहते, वरचा पापुद्रा सोडते आणि परत उमलते.

शाहूपुरी_स्नेहा
शनिवार, सकाळी ७:२२

दादा, टँक नाही हो. समुद्रातली रीफ आहे.

मालवण_ते_कोल्हापूर
शनिवार, सकाळी ८:१०

कुठला समुद्र? किती खोली? फोटो कोणी काढले, कुठल्या महिन्यात? दोन्ही वेळची जागा एकच का? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग सांगायचं कशावरून?

आणि कोल्हापुरात बसून लांबच्या रीफवर प्रोजेक्ट कशाला? मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, गाडीनं गेलं की दुपारपर्यंत पाण्यात. मी दर हंगामात तारकर्लीला जातो. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे, म्हणजे पाण्याखालचं कोरलचं पठार, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. आपल्या दारात एवढं असताना कुणी बघत नाही, याचं मला फार वाटतं.

शाहूपुरी_स्नेहा
शनिवार, सकाळी ८:३१

सॉरी, लिहायचं राहिलं. लक्षद्वीप, कदमत बेट. माझा मामेभाऊ तिथं डायव्ह इन्स्ट्रक्टर आहे, फोटो त्यानं काढले. पहिले जानेवारी २०२३, दुसरे डिसेंबर २०२४. प्रत्येक वेळचे वीस. जागा एकच आहे.

मालवणला पुढच्या वेळी नक्की जाईन. आत्ता सोमवार आहे.

पंचगंगाकाठ
शनिवार, सकाळी ९:४५

सरांचा प्रश्न बरोबर आहे. रंकाळ्यावर जलपर्णी पसरली होती तेव्हा लांबून तळं हिरवंगार दिसायचं. म्हणून तळं सुधारलं असं कुणी म्हणालं का? जिवंत काय आहे एवढंच मोजून भागत नाही, कोण जिवंत आहे ते बघावं लागतं.

सॉफ्ट कोरल म्हणजे रीफवरचं गाजरगवत. जागा मोकळी झाली की पसरतं. इंडोनेशियात कोमोडोच्या बाजूला सुरुंग लावून मासे मारले, त्यात रीफचा चुरा झाला. त्या चुऱ्यावर काही ठिकाणी झेनिया नावाचं सॉफ्ट कोरल पसरलं आणि हार्ड कोरल वर्षानुवर्षं परत आलं नाही. तुझ्या फोटोंत तेच झालंय. "रीफ सावरली" खोड आणि "रीफ बिघडली" लिही. झालं काम.

गुजरी_कट्टा
शनिवार, सकाळी १०:२०

विषय निघालाच आहे तर विचारते. मुलाच्या पत्रिकेत मंगळ आहे, पोवळ्याची अंगठी करायची आहे. हे सॉफ्ट कोरल म्हणजे तेच पोवळं का? सॉफ्ट असेल तर अंगठीत टिकतं का? गुजरीत दोन दुकानांत दोन भाव सांगितले.

जुना_झूलॉजी_मास्तर
शनिवार, सकाळी ११:१५

स्नेहा, तीस वर्षं अपृष्ठवंशी शिकवले आहेत, म्हणून थोडं लांबण लावतो.

पंचगंगाकाठ यांचा रंकाळ्याचा दाखला अर्धाच लागू पडतो. जलपर्णी आणि गाजरगवत दोन्ही बाहेरून आलेली. सॉफ्ट कोरल रीफवरचं मूळचं रहिवासी आहे. त्याच्या प्रत्येक पॉलिपला (वसाहतीतल्या एकेका छोट्या जिवाला) आठ स्पर्शिका असतात आणि त्यांना पिसासारखे फाटे असतात. हार्ड कोरलच्या स्पर्शिका सहाच्या पटीत. सॉफ्ट कोरलला दगडी सांगाडा नसतो, अंगात चुन्याच्या बारीक सुया असतात, त्यांना स्क्लेराइट म्हणतात. सिन्युलेरिया या सॉफ्ट कोरलच्या काही जातींत तळाच्या या सुया एकमेकींना चिकटून खडक होतात, म्हणजे रीफ बांधायला त्यांचाही हातभार लागतो. झेनिया भराभर पसरतं हे खरं, पण सिन्युलेरिया आणि सार्कोफायटनच्या मोठ्या वसाहती संथ वाढतात. सगळ्यांना एका माळेत ओवू नये.

आता तुझे फोटो. पहिल्या आणि दुसऱ्या खेपेच्या मध्ये काय घडलं ते तू लिहिलंच नाहीस. २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीपासून लक्षद्वीपचा समुद्र तापलेला होता आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तिथं मोठं ब्लीचिंग (कोरल पांढरं पडणं) झालं. सीएमएफआरआयच्या (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या) शास्त्रज्ञांनी मे महिन्यात ते जाहीर केलं. त्याआधी १९९८, २०१० आणि २०१६ लाही झालं होतं. कदमत, अगत्ती आणि कवरत्तीवर नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनच्या रोहन आर्थर आणि सहकाऱ्यांनी १९९८ पासून नजर ठेवली आहे. २०२२ पर्यंत तिथलं जिवंत कोरल जवळपास निम्म्यावर आलं होतं. या पार्श्वभूमीवर "दोन वर्षांत सावरली" म्हणणं फार धाडसाचं आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. पाणी तापलं की सॉफ्ट कोरलमधलेही झूझँथेली (आत राहून त्याला अन्न पुरवणारे सूक्ष्म शैवाल) निघून जातात, तेही पांढरं पडतं आणि मरतं. हार्ड कोरल मेलं की सांगाडा मागं राहतो, त्यावर शेवाळ चढतं, आपल्याला मोजता येतं. सॉफ्ट कोरल मेलं की कुजून विरघळून जातं. थोड्या दिवसांनी बघायला गेलं तर तिथं काही होतं याची खूणही सापडत नाही. एप्रिल-मेमध्ये किती सॉफ्ट कोरल गेलं ते डिसेंबरच्या फोटोला कसं कळणार? त्यामुळं "सॉफ्ट कोरल टिकाऊ आहे" हाही निष्कर्ष काढू नकोस.

तिसरं, ते फुगतं आणि मिटतं. त्याच वसाहतीचा दुपारचा आणि संध्याकाळचा फोटो शेजारी ठेवलास तर क्षेत्रफळात चांगलाच फरक दिसेल.

गुजरी_कट्टा ताई, दागिन्यातलं लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातलं. गंमत म्हणजे तेही आठ स्पर्शिकांच्याच गटातलं, पण त्याचा कणा टणक असतो म्हणून पॉलिश घेतं. स्नेहाच्या फोटोतलं मऊ कोरल अंगठीत बसायचं नाही. भावाचं मला सांगता येणार नाही.

पंचगंगाकाठ
शनिवार, दुपारी १२:०५

मास्तर, आदर राखून बोलतो. मूळचं असलं म्हणून काय झालं? मासे लपतात ते अ‍ॅक्रोपोराच्या फांद्यांत. लाटा अडवतो तो दगड. लक्षद्वीपसारखी बेटं उभीच त्या दगडावर आहेत. सॉफ्ट कोरल कितीही वाढलं तरी बेट राखायला पुरणार नाही.

जुना_झूलॉजी_मास्तर
शनिवार, दुपारी १२:४०

लाटांचं मान्य, शंभर टक्के. आश्रयाचं पूर्ण मान्य नाही. कॅरिबियनमध्ये व्हर्जिन आयलंड्सच्या सेंट जॉन बेटाजवळ हार्ड कोरल घटलं आणि सी फॅनच्या कुळातली झुडपासारखी कोरलं दाट झाली. अभ्यासक त्याला ऑक्टोकोरलचं (आठ स्पर्शिकांच्या कोरलचं) जंगलच म्हणतात. त्या जंगलातही जीव राहतात. रीफ वेगळी झाली, ओसाड झाली नाही.

जपानच्या इवोतोरिशिमा बेटाजवळ ज्वालामुखीतून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात. बुडबुड्यांपासून लांब हार्ड कोरल आहे, मध्यम आम्लतेच्या पट्ट्यात सार्कोफायटनचं राज्य आहे आणि अगदी जवळ दोन्ही नाहीत. तग धरण्यालाही सीमा असते, ती कुठं येते ते शोधणं हा आपल्या अभ्यासाचा गाभा आहे.

मालवण_ते_कोल्हापूर
शनिवार, दुपारी १:१०

तुमचं दोघांचं चालू दे. स्नेहा, माझ्या प्रश्नांची उत्तरं अजून आली नाहीत. खोली किती? बेटाची पूर्वेची बाजू की पश्चिमेची? लक्षद्वीपला पश्चिमेच्या बाजूवर पावसाळ्यात थेट लाटा आदळतात, १९९८ नंतर दोन्ही बाजू सारख्या सावरल्या नव्हत्या. आणि फोटोत स्केल काय ठेवलं होतं?

शाहूपुरी_स्नेहा
शनिवार, दुपारी १:२५

स्केल म्हणजे? फोटोत? तसं काही नाही. भावाला फोन लावते.

राजारामपुरी_रीफटँक
शनिवार, दुपारी २:००

समुद्रातलं असेल तर कार्बनचा उपाय चालणार नाही, मी मागे घेतो. पण मास्तर म्हणतात ते फुगण्या-मिटण्याचं अगदी खरं. लाइट लागले की अर्ध्या-पाऊण तासात माझी छत्री पसरते आणि खालचा दगड दिसेनासा होतो.

शाहूपुरी_स्नेहा
शनिवार, रात्री ९:५०

भावाशी दोन तास बोलले. फोटो एकेक करून दोघांनी लावले. सगळं लिहिते.

जागा "एकच" म्हणजे डायव्ह साइट एकच, खडक एकच नाही. वीस जोड्यांपैकी अकराच जोड्यांत तोच खडक नक्की ओळखू येतो. सगळ्या पूर्वेच्या बाजूच्या, आठ ते दहा मीटर. बाकीच्या नऊ मी बाजूला काढल्या.

त्या अकरांपैकी सात फोटोंच्या मधोमध सिन्युलेरियाची मोठी वसाहत आहे, कारण भावाला ती आवडते. जानेवारी २०२३ ला पाणी काचेसारखं होतं, त्यानं दोनेक मीटरवरून फोटो काढले. डिसेंबरला पाणी गढूळ होतं, म्हणून तो एकदम जवळ गेला. वसाहत फोटोभर झाली आणि मी ती "वाढली" म्हणून मोजली. शेजारच्या खडकाच्या एका खाचेवरून माप धरून बघितलं तर ती साधारण तेवढीच आहे. मग भोवतीचं नीट बघितलं. आधी जिथं अ‍ॅक्रोपोरा होतं तिथं आता त्याच्या फांद्या आहेत, पण शेवाळ चढलेल्या.

मी महिनाभर हे फोटो बघत होते आणि मला त्या मेलेल्या फांद्या दिसल्या नाहीत.

जुना_झूलॉजी_मास्तर
शनिवार, रात्री १०:१५

आता दिसल्या ना. तेच लिही. अकरा जोड्या, त्याच वसाहती हजर, वाढ दाखवता येत नाही, भोवतीचं अ‍ॅक्रोपोरा मेलेलं. हार्ड आणि सॉफ्ट वेगळं मोज, सॉफ्टमध्येही वंश वेगळे कर. मधल्या उन्हाळ्याचे फोटो नाहीत, हे पद्धतीच्या प्रकरणात स्पष्ट मांड. नऊ जोड्या का काढल्या, तेही. "सावरली" आणि "बिघडली" दोन्ही शब्द नकोत.

पंचगंगाकाठ
शनिवार, रात्री १०:२२

मी "बिघडली" लिहायला सांगितलं होतं, तेही घाईचंच होतं. मास्तरांचं बरोबर आहे.

शाहूपुरी_स्नेहा
शनिवार, रात्री १०:३०

लिहायला बसले. भाऊ पंधरा दिवसांनी कोल्हापूरला येतोय, परत जाताना त्याच्याबरोबर स्केल द्यायचं आहे. काय द्यावं?

मालवण_ते_कोल्हापूर
शनिवार, रात्री १०:४४

अर्धा इंची पीव्हीसी पाइपची चौकट कर, पन्नास बाय पन्नास सेंटिमीटर, कोपऱ्यांना एल्बो. चिकटवू नकोस, म्हणजे सुटी करून बॅगेत जाईल. पाइपला भोकं पाड, नाहीतर आत हवा राहून तरंगेल. चौकट जिवंत कोरलवर टेकवायची नाही, वर धरायची. आणि त्याला सांग, तुझ्या त्या अकरा खडकांचे फोटो प्रिंट करून, लॅमिनेट करून पाण्यात घेऊन जा.

गुजरी_कट्टा
रविवार, सकाळी ८:०५

मास्तर, म्हणजे भूमध्य समुद्रातलं खरं पोवळं ओळखायचं कसं?