जेमी लॅनिस्टर नेमका कुठे बिघडला? (सगळ्या सीझनचे स्पॉयलर आहेत)

सांजवारा

सध्या नणंदेबरोबर 'गेम ऑफ थ्रोन्स' पुन्हा बघतेय. त्यांची पहिलीच वेळ. परवा सहावा सीझन संपला. सर्सीने बेलोरचं सेप्ट (राजधानीतलं मोठं देऊळ) उडवलं, तिचा जुळा भाऊ आणि प्रियकर जेमी धुमसणाऱ्या शहरात परतला, समोर तिच्याच डोक्यावर मुकुट. ताई एकदम म्हणाल्या, "आता हा तिला मारणार. त्या वेड्या राजाला, एरिसला, याच कारणासाठी मारलं होतं ना याने?" पुढचं मला माहीत असल्यामुळे मी काहीच बोलले नाही, पण तेव्हापासून डोक्यात हेच चालू आहे.

२०१९ पासून जेमीवर जो वाद होतो, तो आठव्या सीझनवरून. त्याच्यावर जीव लावणाऱ्या योद्धा ब्रिएनला रडत अंगणात सोडून तो सर्सीकडे निघाला, म्हणजे इतक्या वर्षांचा बदल पाण्यात गेला, असं बहुतेकांचं म्हणणं. मला ते पटत नाही. माणूस सुधारतो आणि परत जुन्या माणसाकडे जातो, हे होतं. घराघरात होतं. माझ्या मते जेमीची गोष्ट त्याच्या दोन सीझन आधी मोडली, आणि तीही न बोलल्यामुळे.

त्याने आयुष्यात जे चांगलं केलं, ते बघा. एरिसच्या पाठीत तलवार खुपसली ती किंग्जगार्डची, म्हणजे राजाच्या अंगरक्षकाची, शपथ मोडून. धाकट्या भावाला, टिरियनला, कोठडीतून सोडवलं ते बाप आणि बहीण दोघांच्या विरोधात जाऊन. मेलेल्यांच्या सैन्याशी लढायला उत्तरेत गेला तो सर्सीला सोडून. आता वाईट कामं बघा. स्टार्क घराण्यातल्या दहा वर्षांच्या ब्रॅनला खिडकीतून ढकललं ते सर्सीसाठी. कैदेतून निसटून तिच्याकडे जाता यावं म्हणून नात्यातल्या ऑल्टनला ठार मारलं. रिव्हररनच्या वेढ्यात किल्ल्याच्या धन्याला, एडम्युअरला, सांगितलं की तुझं तान्हं पोर कॅटापल्टमधून किल्ल्यावर फेकेन, तेही तिच्याकडे लवकर परतायचं म्हणून. जो माणूस निष्ठेपायी पापं करतो आणि निष्ठा मोडूनच पुण्य करतो, त्याने बदलायचं म्हणजे काय, तर सोडायला शिकायचं. म्हणूनच मला तो सगळ्या मालिकेत सर्वांत जवळचा वाटतो.

आणि सेप्ट उडालं ते कशाने? वाइल्डफायरने, त्या हिरव्या स्फोटक आगीने. एरिसने शहराखाली पुरून ठेवलेल्या साठ्याने. ज्या आगीपासून शहर वाचवण्यासाठी त्याने राजा मारला आणि जन्मभर 'किंगस्लेअर' (राजाचा मारेकरी) ऐकून घेतलं, तीच आग त्याच्या बहिणीने लावली. पोटचा मुलगा टॉमेन त्याच दिवशी खिडकीतून उडी मारून गेला. आणि हा पुढचा अख्खा सीझन तिच्या बाजूने लढतो!

तो तिच्याजवळ राहिला हे तुम्हाला पटतं का? पटत असेल तर कशामुळे?

पुस्तककीडा

मूळ कादंबऱ्या वाचल्या असतील तर हा प्रश्न जास्तच टोचतो. २००० साली आलेल्या तिसऱ्या खंडात पहिल्यांदा जेमीच्या नजरेतून प्रकरणं येतात, आणि तिथून तो हळूहळू सर्सीपासून सुटत जातो. २००५ च्या चौथ्या खंडात ती कैदेत असते, मला वाचवायला ये म्हणून त्याला पत्र पाठवते. तो ते वाचतो आणि आगीत टाकायला सांगतो. बस. मालिकेने हा धागा घेतलाच नाही. त्यामुळे पडद्यावरच्या जेमीला तिला सोडायचं कारण सातव्या सीझनच्या शेवटच्या भागापर्यंत, ती उत्तरेत सैन्य पाठवण्याबद्दल खोटं बोलते तिथपर्यंत, पुढे ढकलावं लागलं. सेप्ट उडवणं चाललं आणि सैन्याचं खोटं चाललं नाही, हा क्रम मला कधीच पचला नाही.

तुमच्या मांडणीत एक भर. मुली सुखरूप परत देईन हा कॅटलिन स्टार्कला दिलेला शब्द त्याने पाळला. तिच्या मुलीला, सान्साला, शोधायला स्वतःची तलवार ब्रिएनच्या हाती दिली, आणि सर्सी तर सान्साच्या जिवावर उठली होती. म्हणजे तो नुसता मोडायला शिकत नव्हता, कुठली शपथ राखायची हे निवडायला शिकत होता.

रानपाखरू

मला त्याचं राहणं पटतं. आपल्याकडे कर्ण नाही का? कृष्ण स्वतः येऊन सांगतो, तू कुंतीचा मुलगा, पांडवांचा थोरला. तरी तो दुर्योधनाला सोडत नाही. बाजू चुकीची आहे हे कळतं, हरणार हेही कळतं. आपण त्याला नावं ठेवत नाही, उलट त्याच्यासाठी रडतो. मग जेमीला वेगळा न्याय का? तिन्ही मुलं गेली, बाप गेला, हात गेला. उरली फक्त ती. अशा वेळी माणूस हिशोब करत नाही.

सांजवारा

रानपाखरू, कर्णाची आठवण मलाही झाली होती, पण मला तो जेमीच्या उलट दिसतो. भर स्पर्धेत कुळ विचारून त्याला गप्प केलं तेव्हा दुर्योधनाने त्याला अंगदेशाचं राज्य दिलं. ते ऋण आहे आणि कर्ण ते उघड बोलून दाखवतो. शिवाय दुर्योधनाला खूश करायला पांडवांना कठोर बोललो त्याचा पश्चात्ताप होतो, हेही तो कृष्णाला त्याच भेटीत सांगतो. म्हणजे राहतो, पण डोळे उघडे ठेवून, आणि का राहतो ते सांगून. माझी तक्रार जेमीच्या राहण्याबद्दल नाहीच. त्याला ते 'का' बोलूच दिलं नाही, त्याबद्दल आहे.

पुस्तककीडा, निवडायला शिकत होता हे अगदी पटलं. मग तर सेप्टनंतरची शांतता आणखी खटकते.

टेकडीवरचा

थोडा विरोध नोंदवतो. एरिसला त्याने लोकांसाठी मारलं, हे आपण गृहीत धरतो. हॅरनहॉल किल्ल्याच्या हमामात तो ब्रिएनला काय सांगतो ते परत ऐका. राजाने आधी हुकूम दिला की तुझ्या बापाचं डोकं आण, आणि मग सगळं जाळायला सांगितलं. म्हणजे तिथेही लॅनिस्टर रक्तच होतं. शेवटी तो टिरियनला सांगतो की लोकांची मला कधी फारशी पर्वा नव्हती, निरपराध असोत की नसोत. सगळे त्या वाक्यावर चिडतात. मला ते खरं वाटतं. तो बदललाच नव्हता, आपणच त्याच्यात चांगला माणूस शोधत होतो.

सांजवारा

टेकडीवरचा, तुमचा मुद्दा मला सगळ्यांत जड गेला, म्हणून तो प्रसंग काल रात्री परत लावला. क्रम नीट ऐका. जेमी सांगतो, आधी वाइल्डफायरवाल्याला मारलं, मग पळणाऱ्या राजाला. बापाचा जीवच वाचवायचा होता तर राजा पुरे होता. आग लावणाऱ्याला आधी गाठलं, कारण त्या क्षणी डोळ्यांसमोर आग होती. आणि ही गोष्ट सांगून त्याला काही मिळवायचंही नव्हतं. कॅटलिनचा नवरा नेड स्टार्क याने बघताक्षणीच आपल्याला दोषी धरलं याची सल त्याला इतकी होती, की इतकी वर्षं तोंड उघडलं नव्हतं. ज्याला लोकांची पर्वाच नाही, त्याला 'किंगस्लेअर' हे नाव एवढं का लागावं? त्यामुळे टिरियनला तो जे सांगतो ते मी खरं मानत नाही. मरायला निघालेला माणूस स्वतःबद्दल सगळ्यांत वाईट तेवढंच बोलतो, ब्रिएनसमोर स्वतःला द्वेषानं भरलेला म्हणतो तसंच.

मला हवा होता तो प्रसंग मावायला जागाही होती. सातव्या सीझनच्या पहिल्याच भागात ती दोघं जमिनीवरच्या नकाशावर उभी आहेत. जेमी म्हणतो, आपण टॉमेनबद्दल बोललोच नाही. ती म्हणते, बोलण्यासारखं काही नाही. तिथे त्याने एवढंच विचारायला हवं होतं: वाइल्डफायर तिथे पुरलंय हे तुला कळलं कसं, आणि मी एरिसला का मारलं हे तुला माहीत आहे का? ती काहीही उत्तर देवो, ते ऐकूनही तो थांबला असता, तर पुढचं सगळं, ढिगाऱ्याखाली तिला मिठी मारून मरणंसुद्धा, मी मान्य केलं असतं.