विषय: फोनवर भाड्याचं जर्मन

मंडळी, नमस्कार.
जर्मनीत भाड्याचं घर शोधतोय. जाहिरातीत लिहिलंय: काल्टमीटे (नुसत्या घराचं भाडं) 620, नेबेनकॉस्टन (वरचे खर्च) 180, काउत्सिओन (डिपॉझिट) 3 महिने. घरमालकाला फोनवर नेमकं काय विचारायचं? ‘वास कॉस्टेट दास’ (हे कितीला?) याच्या पुढे गाडी सरकत नाही.

---

उत्तर: फोनवर भाड्याचं जर्मन

‘वास कॉस्टेट दास’ बेकरीत चालेल. भाडं, फी, डिपॉझिट यांना जर्मन माणूस ‘किती उंच’ म्हणतो: ‘वी होख इस्ट डी वार्ममीटे?’ (वरचे खर्च धरून भाडं किती?) तुमच्या बाबतीत 620 अधिक 180, म्हणजे 800. त्यात हीटिंग, पाणी, कचरा आला. घरातली वीज बहुधा वेगळी. तेव्हा लगेच विचारा, ‘इस्ट डेअर श्ट्रोम डाबाय?’ (वीज धरून का?)

खरी मेख त्या 180मध्ये आहे. ‘फोराउसत्सालुंग ओडर पाउशाले?’ हे विचारल्याशिवाय फोन ठेवू नका. पाउशाले म्हणजे ठोक रक्कम, वर्षाअखेर हिशेब नाही. फोराउसत्सालुंग म्हणजे आगाऊ भरणा: मालक नंतर आब्रेख्नुंग (वर्षाचा हिशेब) पाठवतो, उरले तर परत मिळतात, कमी पडले तर नाखत्सालुंग (फरकाची रक्कम) भरायची. घर स्वस्त दिसावं म्हणून हा आकडा मुद्दाम कमी ठेवणारेही असतात. त्यावर एकच प्रश्न पुरतो: ‘वी होख वार डी लेट्स्टे नाखत्सालुंग?’ (मागची नाखत्सालुंग किती होती?) हिशेब-वर्ष संपल्यावर 12 महिन्यांत आब्रेख्नुंग आली नाही, तर सहसा मालकाला नाखत्सालुंग मागता येत नाही.

काउत्सिओन तीन काल्टमीटेंपेक्षा जास्त घेता येत नाही, इथे 1,860. करारात ते ‘1.860,00’ असं दिसेल; टिंब हजाराचं, स्वल्पविराम सेंटचा. ‘कान इश इन द्राय राटेन त्सालेन?’ (तीन हप्त्यांत देऊ का?) बिनधास्त विचारा, तो भाडेकरूचा कायदेशीर हक्कच आहे. पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना, पुढचे दोन पुढच्या दोन भाड्यांबरोबर.

---

उत्तर: उत्तर: फोनवर भाड्याचं जर्मन

दोन गोष्टींची भर. रुंडफुंकबायट्राग (रेडिओ-टीव्हीची वर्गणी, महिना 18.36 युरो) भाड्यात नसतो. तो माणशी नाही, घरटी असतो. तिघे एकत्र राहत असाल तर एकानेच भरायचा.

आणि आकडे ऐकताना इंग्रजीतून जाऊ नका, मराठीतून जा. ‘झेक्स-उंड-द्रायसिश’ म्हणजे सहा-नि-तीस, आपलं छत्तीसच की! घोटाळा होतो तो ‘एकोण’वाल्यांत. 39ला आपण चाळिसाकडून येतो, ते म्हणतात ‘नॉइन-उंड-द्रायसिश’, नऊ-नि-तीस. एकोणचाळीसच्या नादात चाळीस ऐकायला कान टवकारलेला असतो, आणि कागदावर 49 उतरतं. 99ला मात्र धोका नाही. नव्व्याण्णव आपणही नवापासूनच म्हणतो.